आवरून ठेवलेली पावडर

दुसऱ्याच्या वस्तू आवरणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो. सासरे उन्हाळ्यात आमच्याकडे हॅम्बर्गला आले की तीन महिने मी तो राग गिळत असते. त्यांना अर्धे भरलेले दोन डबे शेजारी दिसले की चैन पडत नाही. दोन्ही तुरडाळी एकात ओतायच्या, रिकामा डबा घासून पालथा घालायचा आणि म्हणायचं, "बघ, केवढी जागा झाली!"

मी रायफलची, कधीकधी पिस्तुलाचीही नेमबाजी करते आणि काडतुसं स्वतः भरते. इथे त्याला कोर्स, परीक्षा आणि सरकारी परवाना लागतो. रिकामी पितळी पुंगळी साफ करायची, बारुदाची पावडर तोलून घालायची, वर गोळी बसवायची. प्रत्येक काडतूस आधीच्यासारखं हवं, तरच नेम लागतो आणि तरच हातपाय शाबूत राहतात. क्लबातल्या म्हाताऱ्या प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं : टेबलावर एका वेळी एकच पावडर. नव्या लोकांना हे वाक्य आता मीच ऐकवते, जरा तोऱ्यातच.

त्या शनिवारी मी खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, काडतुसं भरायला बसले होते आणि सासरे शेजारच्या स्टुलावर बसून बघत होते. दुसऱ्या दिवशी रेंजवर माझ्याबरोबर येणार म्हणून खुशीत होते. रायफलची पावडर टेबलावर होतीच. पिस्तुलाची किती उरलीय तेही एकदा बघून घ्यावं, म्हणून मी तोही डबा कपाटातून काढला. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. केलरमध्ये आवाज तुटतो, म्हणून मी वर गेले.

परत आले तेव्हा सासरे नव्हते आणि टेबलावर एकच डबा होता. दुसरा आपणच कपाटात ठेवला असेल, असं मला वाटलं. डबा उचलताना जरा जड लागला. लागला, आणि मी तिकडे लक्ष दिलं नाही. वीस काडतुसं भरली, प्रत्येक वेळी काटा दशांशापर्यंत बघून. काट्याला वजन कळतं, काय तोलतोय ते कळत नाही.

संध्याकाळी चहाला वर आले, तर ओट्यावर पिस्तुलाच्या पावडरीचा डबा घासूनपुसून पालथा घातलेला. लेबलही खरवडून काढलेलं.

"जिऱ्याला चांगला आहे," सासरे म्हणाले. "दोन्हींत तीच करडी पूड होती. एकात केली."

पिस्तुलाची पावडर भसकन जळते. ती रायफलमध्ये गेली तर नळी गालाजवळ फुटू शकते. हे मी त्यांना सांगितलं, पण सांगितलं म्हणणं खोटं आहे, मी ओरडले. सासऱ्यांवर ओरडायची ती माझी पहिलीच वेळ. नवरा म्हणाला, "अगं, आवरलंच ना त्यांनी!" तेव्हा त्याच्यावरही ओरडले.

"बाबा, अहो, तुम्ही चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलंत! दोन औषधांच्या पांढऱ्या गोळ्या कधी एका बाटलीत भरल्या असत्यात?"

त्यांनी पालथा डबा उचलून सुलटा केला. मला वाटलं, जिंकले. मग ते हळूच म्हणाले, "नाही. आणि दोन बाटल्या उघड्यावर ठेवून, गिऱ्हाइकाला काउंटरच्या आत बसवून जो फोनवर बोलायला गेला असता, त्याला मी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं."

मला इतका संताप आला की मी चहा तसाच टाकून खाली गेले. संताप यायचं कारण उघड होतं, त्यांचं बरोबर होतं. परवाना माझा, कपाटाची किल्ली माझी, नियमही मीच लोकांना ऐकवणारी. सोमवारी प्रशिक्षकांना हे सगळं सांगायचं होतं, आणि परवाना गेला असता तर तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

एकेक काडतूस त्यासाठीच्या खास हातोडीत अडकवून, ठोकून गोळी बाहेर काढत होते, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. सासरे दारातच थांबले. एरवी ते कधी विचारत नाहीत.

"आत येऊ?"

"नको."

ते शेवटच्या पायरीवर बसले. मी काढत गेले, ते मोजत गेले. विसावं निघालं तेव्हा त्यांनी विचारलं, "उद्या हीच मारणार होतीस ना? गालाला लावून?"

"हो."

"आणि मी टाळ्या वाजवायला शेजारी."

माफी मी मागायची होती, शब्द ओठांवर आलेही होते.

"पायरी गार आहे," मी म्हणाले. "वर जा, बाबा."