येतो म्हण की

वखारीतून ताज्या भुशाचा वास आला, की कोल्हापुरातील आमच्या घरासमोरचा सर्कशीचा तंबू आठवतो. प्राण्यांच्या खेळांवर बंदी आली आणि सरकारी गाडी सिंहाला न्यायला आली. मालकीणबाईंनी त्याला बाटलीने दूध पाजून वाढवले होते. सिंह हलेना, तेव्हा एका कर्मचाऱ्याने काठी उगारली.

"कोणत्या कलमाखाली मारता?" मी संतापून विचारले.

"ऱ्हाऊ द्या, पावणं. माझं ऐकतोय त्यो," असे म्हणून बाई गजांशी वाकल्या. "बाळ्या, जा बाबा. निघताना येतो म्हण की."

सिंह मुकाट्याने गाडीत चढला. बंदी रास्तच होती, हे मी आजही लेखी देईन. परंतु गाडी दिसेनाशी झाल्यावरही बाई एका डरकाळीसाठी कान देऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्याशेजारी मीही.