डॉक्टरांचं घट्ट, सासूबाईंचं घट्ट

आमची ओवी दूध प्यायली की ओकते. काल डॉक्टरांनी दूध घट्ट करून पाजायला सांगितलं आणि त्यासाठी पावडर लिहून दिली. मी सासूबाईंना फोनवर एवढंच सांगितलं, "घट्ट दूध द्यायचंय."

आज सकाळी त्या महाळुंग्याहून किटली घेऊनच आल्या. "आपल्या म्हशीचं हाय. पाण्याचा थेंब न्हाई."

मी हसू दाबत पावडर दाखवली. त्यांनी नाक मुरडलं, पण पावडर घातलेलं दूध ओवीला स्वतःच पाजलं. मग खांद्यावर टॉवेल टाकून तिला घेतलं आणि बराच वेळ फेऱ्या मारल्या.

"अगं, टॉवेल कोरडाच हाय," त्या हळूच म्हणाल्या.

किटलीतल्या दुधाचा आम्ही दोघींनी चहा केला. खरं सांगा, 'घट्ट दूध' म्हटल्यावर तुम्हालाही आधी म्हैसच आठवली ना?