टाचेला नमस्कार

हाडं तपासण्याच्या शिबिरात माझ्यापुढे साठीच्या एक बाई होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना मशीनमध्ये टाच ठेवायला सांगितली. बाईंनी आधी पदराने टाच पुसली, मग संकोचत पाय ठेवला. तपासणी झाल्यावर वाकून मशीनला हात लावला आणि नमस्कार केला. "पाय लागला ना," त्या म्हणाल्या.

हाडं बरीच ठिसूळ निघाली. "पाळी गेली की हाडांना जपणारं हार्मोनही कमी होतं," डॉक्टरीणबाई समजावत होत्या. "मग हाडांतलं कॅल्शियम झपाट्याने कमी होतं. दूध घेता का, मावशी?"

"घरात रोज दोन लिटर येतं," बाई अभिमानाने म्हणाल्या. "मी आपला चहा घेते."

मी हसणार होते, पण माझंही तेच. दूध, तिळाची वडी, नाचणीचं सत्त्व सगळ्यांना मीच हातात नेऊन देते. ज्या हाडांवर उभी राहून हे केलं, ती आतल्या आत झिजत राहिली. पाय कशालाही लागला की आपण माफी मागतो. पायाची मात्र कधी मागितली नाही.

माझा नंबर आला. तपासणीनंतर मीही सवयीने वाकले, आणि हात मशीनऐवजी टाचेवर ठेवला. तपासणीसाठी लावलेल्या जेलमुळे ती गार पडली होती. थोडा वेळ हात तसाच राहू दिला.