आईचा गुडघा आणि फोनमधले गुरुजी

आमच्या आईचा धर्म गेल्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्यात अडकला होता.

गुडघा पार कामातून गेलेला. कोलकात्यात बेहाला भागातल्या फ्लॅटमध्ये ती भिंत धरधरून चालायची, पण ऑपरेशनचं नाव काढलं की सुरू! "देवाने दिलेलं हाड काढून धातू बसवायचा? वर तो डॉक्टर म्हणतो, जमिनीवर बसायचं नाही. म्हणजे पूजा खुर्चीवरून! देव खाली आणि मी वर? सोवळ्यात चालतं का हे? गुरुजी हो म्हणाले तरच!"

आमचे इथले एकुलते एक मराठी गुरुजी लेकीकडे पुण्याला गेलेले आणि फोनवर त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. ऑपरेशन बुधवारी. मग मीही हट्टाला पेटलो. (हट्ट आईकडूनच आलाय.) फोनमधल्या बोलणाऱ्या एआयला गुपचूप बजावलं, "तू गुरुजी हो. आई काहीही विचारू दे, शास्त्रात चालतं म्हण!"

रविवारी पूजा झाल्यावर "हे फोनवरचे दुसरे गुरुजी" म्हणून फोन तिच्यापुढे ठेवला.

"अरे, त्यांना पाट दे!" आई ओरडली. फोन पाटावर बसला.

"गुरुजी, गोत्र कोणतं?"

"मला गोत्र नाही, आजी. मी यंत्र आहे."

मी फोनकडे बघून डोळे वटारले.

"मुंज तरी?"

"झालेली नाही."

"बरं. धातूचा गुडघा चालतो का? आणि खुर्चीवरून पूजा?"

"फार जुन्या एका कथेत देवांच्या वैद्यांनी एका बाईला लोखंडी पाय बसवला होता."

आईने डोळे बारीक केले. "कथा बरी सोयीची सापडली! तुला कुणी पढवून ठेवलंय का?"

"हो. तुमच्या मुलाने. पण कथा खरंच जुनी आहे. खुर्चीबद्दल मात्र एकमत नाही."

स्वयंपाकघरातून बायको फस्सकन हसली.

"मेल्या, देवासमोर आईला फसवतोस?" आई माझ्यावर कडाडली.

"मग काय करू? तुला भिंत धरून चालताना बघवत नाही गं मला!"

आईने एकदा फोनकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "बसवा तो गुडघा! पोटचा हाडामांसाचा पोरगा खोटं बोलतो आणि यंत्र खरं बोलतं, तर यंत्राचा कसला आलाय विटाळ? आणि देव टेबलावर घ्या. त्यांनाही जरा वर बसू द्या."

ऑपरेशन छान झालं. तपासणीला आई स्वतःच्या पायांनी चालत गेली आणि आपल्या खास हिंदीत विचारती झाली, "डॉक्टरबाबू, ऐसा यंत्र डोके में बैठता है क्या? मेरे को नहीं, इसको!"

बंगाली डॉक्टरांनी माझं डोकं सगळ्या बाजूंनी नीट पाहिलं.

"मासीमा," ते हळहळून म्हणाले, "बहुत देर हो गया."