ठोकळ्याचा आकडा

म्बाक वेनिंगच्या गळ्यात कायम शिंप्याची टेप असते. नव्या माणसाला वाटतं, ही ब्लाउज शिवायला आलीय की काय. बाई आहे आमच्या हॉस्पिटलातली फिजिसिस्ट. सीटी स्कॅनमध्ये पेशंटच्या अंगात किती किरणं गेली ते ती मोजते आणि मी नर्स, तिच्या शेजारी उभी राहून पेशंटची नस शोधते. चाळिशी उलटली तरी लग्न केलं नाही, डब्यात रोज सोयाबीनचं तळलेलं तेंपे आणि तोंडात रोज वाद. आमच्या इथे, जावातल्या क्लातेनमध्ये, थोरल्या बहिणीला म्बाक म्हणतात, तसं तिला सगळे म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिचा एक हट्ट मला फार छळायचा. स्कॅन झाला की यंत्र पडद्यावर किरणांचा आकडा दाखवतं. बाकीचे तो बघून मोकळे होतात. वेनिंग म्हणायची, "हा आकडा पेशंटचा नाहीच. मोजायला प्लास्टिकचा एक गोल ठोकळा ठरवून दिलाय, चांगल्या गरगरीत माणसाएवढा. हा त्या ठोकळ्याचा आकडा. बारीक माणसाला तेवढ्याच किरणांचा मारा जास्त बसतो." म्हणून येईल त्याच्या कमरेला ती टेप लावायची आणि बाहेर रांग वाढत जायची. लोकांची बोलणी मात्र मी खायची.

मग मुर्नी आली. म्हणजे परत आली. पहिल्यांदा आणली तेव्हा ती मोटरसायकलवरून पडून बेशुद्ध होती. पोटात रक्तस्राव आहे का ते बघायला स्कॅन करावाच लागला. काही आठवड्यांनी उलट्या होतात म्हणून दाखवायला आली, तर दिवस गेलेले. स्कॅनच्या वेळीही गेलेलेच होते, कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नाला आठ वर्षं झालेली, पहिलंच मूल.

तिच्याबरोबर सासू होती, सातियेम. वयानं मोठी म्हणून म्बोक सातियेम. बाजारात मिरच्या-कांदे विकणारी, जन्म तराजूसमोर गेलेला. मूल वेडंवाकडं निपजणार असं गल्लीनं तिच्या डोक्यात भरवलं होतं. पिशवीत पाडायच्या काढ्याची बाटलीच घेऊन आली होती. म्हातारी दुष्ट नव्हती, घाबरली होती.

"न्दुक, पोरी, तू धड राहिलीस तर पुन्हा होईल," ती सुनेला म्हणाली.

"मला हेच हवंय, बू," मुर्नी सासूला म्हणाली.

डॉक्टर हार्दोनो भला माणूस. "बाळापर्यंत किरणं किती पोचली ते कळल्याशिवाय मी ठेवाही म्हणणार नाही आणि पाडाही म्हणणार नाही. वेनिंगला विचारा."

यंत्र चालवणारा बाग्यो हळूच म्हणाला, "म्बाक, पडद्यावरचा आकडा छोटाच आहे. वाचून दाखवा, म्हातारी जाईल घरी."

"तो ठोकळ्याचा आहे. मी मुर्नीचा काढते."

"आणि जास्त निघाला तर?"

"तर जास्त सांगेन."

मला इतका राग आला तिचा! समोर पोर जीव मुठीत धरून बसलीय आणि हिला आपली अचूकपणाची पडलीय.

वेनिंगनं मुर्नीच्या पोटाला टेप लावली. मुर्नी म्हणजे शेवग्याची शेंग. मग ती कँटीनमध्ये गेली आणि पाण्याचा मोठा जार उचलून घेऊन आली. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच, आणि जाराचा घेर जवळजवळ मुर्नीएवढा. राहिलेला फरक ती हिशेबात धरणार होती. जाराच्या मधोमध नळी बसवून तिच्यात किरणं मोजणारी पेन्सिलीएवढी कांडी सरकवली आणि जार स्कॅनच्या पलंगावर आडवा करून पट्ट्यांनी बांधला.

"म्बाक, नवरा आणलात का तपासायला?" बाग्यो म्हणाला. "फारच शांत आहे हो."

"तुझ्यासारखा आतून पोकळ तरी नाही."

आम्ही हसलो. मुर्नी काचेमागे पोटावर हात ठेवून उभी होती, ती हसली नाही.

आकडेमोड संपवून वेनिंग बाहेर आली. "यंत्र दाखवतं त्याच्या जवळपास दीडपट."

सासूचा हात पिशवीत गेला.

"पूर्ण ऐका. बाळात व्यंग येण्याची भीती जिथून धरतात, त्याच्या पाव भागापर्यंतही हे पोचत नाही. पुढे मोठेपणी आजाराचा धोका केसभर वाढतो, तो नाही असं मी म्हणणार नाही. पण या आकड्यापायी मूल पाडायचं कारण नाही."

"मग मी ठेवा म्हणतो," हार्दोनो लगेच म्हणाले.

सातियेमनं डॉक्टरांकडे बघितलंसुद्धा नाही. "यंत्र कमी सांगत होतं?"

"हो."

"तेवढंच सांगितलं असतंत तर मी मुकाट घरी गेले असते."

"गेला असतात."

"मग वाढवून कशाला सांगितलंत?"

"तेवढं होतं म्हणून."

म्हातारी म्हणाली, "सगळा जन्म बाजारात गेला माझा. आपल्याच अंगावर येईल असं माप सांगणारी आज पाहिली." मग उठली आणि काढ्याची बाटली आमच्या बेसिनमध्ये उपडी केली. त्याचा घाण वास घालवता घालवता माझा जीव गेला, पण त्या दिवशी मी एका शब्दानं कुरकुरले नाही.

सातव्या महिन्यात मितोनी होती. सात बायका गर्भारणीला न्हाऊ घालतात. सातियेमनं वेनिंगला बोलावलं तेव्हा शेजारीण फणकारली, "तिला ना नवरा ना पोर!"

"जारभर पाण्यात बाळाचा हिशेब केला तिनं. पाण्यावर तिच्याइतका हक्क आहे का इथं कुणाचा?" सातियेम म्हणाली आणि पहिला तांब्या वेनिंगच्याच हातात दिला.

मुलगी झाली. अख्खं हॉस्पिटल डोक्यावर घेणारी, हातापायाची सगळी बोटं जागच्या जागी. सुईणीनं वजन सांगितलं, तर सातियेमनं पिशवीतून घासूनपुसून आणलेला मिरच्यांचा तराजू काढला.

"अहो, केलंय वजन! हे बघा पडद्यावर!"

"तो तुमच्या ठोकळ्याचा आकडा असेल. मला माझ्या नातीचा पाहिजे."

पारड्यात मऊ फडकं घातलं, वर नात ठेवली. पारडं दणकन खाली गेलं. मुर्नी पलंगावरून रडत होती आणि हसतही होती. वजनं चढवून दांडी सरळ झाली तशी सातियेमनं हाक मारली, "वेनिंग, पोरी, इकडे ये. माप तू वाच."

वेनिंग वाकली आणि तशीच राहिली. डोळे इतके भरून आले होते की तिला काही दिसेना.

"वाच की गं!"

शेवटी मीच वाचलं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात. आकडा पडद्यावरच्यापेक्षा थोडा जास्तच होता.