कुठून आलं, सांग बाळा

जिन्यावर बसणाऱ्या बायकांकडे किस्से साठणारच, त्याला इलाज नाही. आत पोरं शिकतायत, बाहेर आपण त्यांच्या चपला आणि वॉटरबॅगा सांभाळतोय, घरी जाऊन परत यायला वेळ पुरत नाही. मग करायचं काय, तर बोलायचं.

हे कोपरखैरण्यातलं, माझा रोशन चार वर्षांचा होता तेव्हाचं. इंग्लिश मीडियमच्या ज्युनिअर केजीसाठी तेव्हा पोराचा इंटरव्ह्यू घ्यायचे, आईबापाचा पण. मी सातवी पास. माझ्यामुळे पोराची सीट जाईल याचं मला टेन्शन. म्हणून त्याला इंटरव्ह्यूच्या क्लासला घातला. टीचर स्वतःच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये शिकवायच्या. त्यांना कुठून तरी खबर लागली होती की यंदा 'काय कुठून येतं' यावरच प्रश्न आहेत. झालं, सगळा क्लास त्याच्याच मागे.

*

पहिलाच प्रश्न, दूध कोण देतं? रोशन म्हणाला, "म्हैस." टीचर म्हणाल्या, "नाही बेटा, गाय."

आमच्या दारात म्हैस. पोर तिचंच दूध पिऊन वाढलेलं. मी दारातून डोकावून विचारलं, "टीचर, म्हैस पण देते ना?"

"देते हो. पण इंटरव्ह्यूत काऊच म्हणायचं."

घरी सांगितलं तर सासूबाई भडकल्या. "मंग उद्यापासून त्याला टीचरकडंच पाठव दूध प्यायला. आमची म्हैस नापास हाय ना."

*

एकदा रोशनने पेन्सिलचं टोक चावून खाल्लं. शिसपेन्सिल! शिसं विषारी असतं एवढं मला माहीत होतं. त्याला खांद्यावर टाकून, एका पायात चप्पल घालून मी दवाखान्यात पळाले. नंबर नव्हता तरी आत घुसले.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पेन्सिलमध्ये शिसं नसतंच. ते ग्राफाइट. कोळशाचा भाऊबंद समजा. सापडलं तेव्हा लोकांना शिसं वाटलं, तेच नाव चिकटलं."

जीव भांड्यात पडला आणि लगेच डोकं फिरलं. "चूक कळल्यावर नाव बदलायचं ना! इकडे आईचा जीव जातोय."

डॉक्टर म्हणाले, "मला कोणी विचारलं नाही हो. पोराला पाणी पाजा, आणि तुम्ही पण प्या."

*

चतुर्थीला टीचरनी नवीनच काढलं. बटाटा बाहेरच्या देशातून आला. मिरची बाहेरून, शेंगदाणा बाहेरून. साबुदाणा ज्या कंदाचा करतात, तो कंद पण तिकडचाच. म्हणजे उपासाचं अख्खं ताट परदेशी! आणि इथलीच तूरडाळ खाल्ली तर उपास मोडतो. मला इतका राग आला. कोणी ठरवलं हे? आम्ही बायका आयुष्यभर पाळतोय आणि कोणी सांगितलं पण नाही.

तणतणत घरी आले. सासूबाई खिचडी खात होत्या. मी सगळं ऐकवलं. वाटलं, आता ताट सरकवतील.

त्यांनी नीट चावून घास गिळला. म्हणाल्या, "बाहेरून आली म्हनून काय झाला? तू तरी कुठं इथली हायेस? तुझ्या म्हायेराशी, जासईशी आनली ना तुला. टाकला का तुला आमी?"

आणि वर दही मागितलं.

*

माझ्या शेजारच्या पायरीवर मेहरुनभाभी बसायची. तिची सना रोशनबरोबर क्लासला. भाभी मुरूडची, बोलायला गोड, पण कोणाचं ऐकून घेणारी नाही.

एक दिवस नवीन बाई आली. तेव्हा जिन्यावर तोच विषय, चहा चीनचा, पाव पोर्तुगिजांचा. बाई भाभीकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही लोक मूळचे कुठून आलात?"

"मुरूडहून."

"तसं नाही हो. त्याच्या आधी?"

माझे कान तापले. मी तोंड उघडणार, तर भाभीने माझा गुडघा दाबला.

"त्याच्या आधी पण मुरूड. माझा पणजा तिथंच पुरलाय, त्याचा बाप पण. तुमी कुठून?"

"आम्ही इंदूरचे. गेल्या दिवाळीत आलो."

भाभीने सरकून पायरीवर जागा केली. "मग बसा ना. दमला असाल."

*

इंटरव्ह्यूच्या दिवशी सासरे पण सोबत निघाले. शाळा नवी, फरशी चकचकीत. ते व्हरांड्यातच थांबले, आत येईनात. रोशनला जवळ घेऊन म्हणाले, "हितं आपला भात व्हायचा. वावर होता आपला. सरकारनं घेतला, मंग शालेला दिला."

हे ऐकून मला संताप आला. ज्यांच्या शेतावर शाळा, त्यांच्याच नातवाने आत शिरायला परीक्षा द्यायची.

नाव पुकारलं. मी, मिस्टर आणि रोशन आत गेलो. मॅडम हसऱ्या होत्या. रंग विचारले, पोराने सांगितले. आकडे म्हणून दाखवले. मला जरा धीर आला.

"गुड. आता सांग, व्हेअर डज राईस कम फ्रॉम? भात कुठून येतो?"

रोशन खुर्चीवरून घसरत खाली उतरला, उकिडवा बसला आणि मॅडमच्या टेबलासमोरच्या फरशीवर बोट टेकवलं.

"इथून."

मॅडम हसल्या. "नो बेटा. से, फ्रॉम द फार्म."

"इथून."

मिस्टरांनी त्याची कॉलर ओढली. बोट हलेना. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे बघितलं. "घाबरलाय बहुतेक. मम्मी, तुम्ही सांगा ना त्याला राईट आन्सर."

'फार्म' माझ्या जिभेवर होतं. आठवडाभर मीच त्याच्याकडून घोकून घेतलेलं. एवढा एक शब्द बोलायचा होता.

मी पदर खोचला, रोशनच्या बाजूला खाली बसले आणि त्याच्या बोटाला लागून माझं बोट फरशीवर टेकवलं.