परसातल्या सात खुंट्या

माझ्या सासूबाईंनी परसबाग करायची ठरवलं आणि पहिले दोन महिने खुरप्याला हातसुद्धा लावला नाही.

त्यांचं नाव शालन. मी त्यांना आत्ती म्हणते. सासरे पिराजी गवंडी होते आणि आत्ती अडतीस वर्षं त्यांच्या हाताखाली बिगारी. पाट्या वाहून त्यांची मान आखडली, गुडघे गेले, पण एक काम सासऱ्यांनी दुसऱ्या कुणाला कधी दिलं नाही. पाया भरताना लेवल धरायची ती आत्तींनीच. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक सासऱ्यांच्या हातात, दुसरं आत्तींच्या. दोन्ही टोकांना पाणी जिथं थांबेल ती एक उंची. चार वर्षांपूर्वी सासरे गेले आणि आत्तींनी काम सोडलं. थापी आणि ओळंबा पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. नळी तेवढी खाली ठेवली.

आमची वस्ती कोल्हापूरच्या कडेला, पंचगंगेकडं उतरत जाणारी. वीस-बावीस घरं. वरच्या टोकाला विहार, मध्ये आमचं घर, सगळ्यात खाली धोंडुबाईंचं. सगळ्यांच्या परसामागून ओढा जातो आणि वस्ती संपली की नदीकडं वळतो.

आमच्या घरामागं तीस फूट लांब, अठरा फूट रुंद जागा होती. आत्तींनी चौकटीची वही आणवली. एक चौकट म्हणजे एक फूट. सकाळी नऊला, बाराला आणि दुपारी चारला भिंतीची सावली जिथं पडेल तिथं त्या चुन्याची चिमूट टाकायच्या. बरणीत माती आणि पाणी घालून हलवलं, दुसऱ्या दिवशी तळाला वाळू किती बसली, वर गाळ किती, हे बोटांनी मोजून वहीत लिहिलं. मग घरापासून ओढ्यापर्यंत सात खुंट्या ठोकल्या आणि नळी लावून प्रत्येक खुंटीवर एकाच उंचीला लाल रेघ ओढली. नळीचं दुसरं टोक माझ्या हातात.

"आत्ती, भाजी लावायची हाय का बंगला बांधायचा हाय?" मी वैतागून विचारलं.

"बंगला वाकडा झाला तरी माणसं ऱ्हात्यात. मेथी ऱ्हात न्हाय," त्या म्हणाल्या.

घराजवळ रेघेपासून माती एक फूट खाली होती, ओढ्याजवळ एक फूट नऊ इंच. म्हणजे उतार नऊ इंचांचा. त्यावरून त्यांनी वाफे आडवे आखले. मोरीच्या पाण्यावर अळू. दोडक्याचा मांडव उत्तरेला, म्हणजे त्याची सावली दुसऱ्या कुणावर पडायला नको. मेथी एकदम पेरायची नाही, दर दहा दिवसांनी एकेक सरी. त्या हिवाळ्यात आम्ही मंडईत पाऊल टाकलं नाही. पोकळा आणि चाकवत अर्ध्या वस्तीत जायचा. धोंडुबाई काठी टेकत यायच्या आणि वांगी दाबून बघायच्या. "शालन, तुझ्या वांग्यात बी न्हाय बघ," म्हणत पिशवी भरून न्यायच्या.

फेब्रुवारीत ओढ्यापलीकडचा ऊस तुटला आणि त्या रानात पुन्हा ऊस लागला नाही. मुरमाचे डंपर यायला लागले. सकाळी आठला पहिला डंपर यायचा आणि आमची भांडी फळीवर थरथरायची. रानाची उंची वाढत गेली. प्लॉटच्या पाट्या लागल्या. वस्तीच्या खालच्या अंगाला ओढ्यावर जुना ठेंगणा फरशीपूल होता, तो फोडून त्यांनी दोन सिमेंटचे पाईप टाकले आणि वरून उंच रस्ता केला.

जूनमध्ये चार दिवस साधा पाऊस झाला आणि ओढ्याकडची मेथी पिवळी पडली. आत्तींनी एक रोप उपटून मुळाचा वास घेतला आणि माझ्यापुढं धरला. कुजल्याचा वास होता.

"उताराचं पाणी थांबलंय," त्या म्हणाल्या.

त्या रविवारी त्यांनी नळी जोडून लांब केली. मी छत्री घेऊन परसातल्या शेवटच्या खुंटीशी उभी राहिले आणि आत्ती माझ्या नवऱ्याला, प्रसेनजीतला, घेऊन ओढ्यात उतरल्या. पाईपचं तोंड ओढ्याच्या तळापेक्षा दोन वीत वर निघालं. मग नवीन रस्त्याची उंची घेतली. घरी येऊन आत्तींनी वही मांडीवर घेतली आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडले. 

"वड्याला मोठं पाणी आलं की पाईप पुरं पडणार न्हाईत," त्यांनी आम्हाला सांगितलं. "मग पाणी रस्त्यावरनं पलीकडं जाईस्तोवर मागं चढणार. रस्ता जेवढा उंच, तेवढं पाणी वस्तीत."

"आई, एकोणीसला आन् एकवीसला एवढा पूर आला, तवाच काय ते पाणी आलं," प्रसेनजीत म्हणाला. "दरवर्षी कुठं येतंय?"

"ते नदीचं पाणी हुतं. ह्ये नदीची वाट बघणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्या साईटवर गेल्या. मी सोबत होते. तिथला सुपरवायझर विजयसिंह म्हणून होता, तिशीचा, बोलायला गोड. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. आत्तींनी वही उघडून दाखवली. त्यानं ती नीट पाहिली. त्याला कळलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. वही मिटून त्यानं विचारलं, "मावशी, तुमचं घर कुठलं?"

"मधलं. पत्र्याचं."

"मग तुमच्या तर पायरीलाच लागंल की पाणी. खालच्यांचं तुमी कशाला बघताय?"

आत्ती उठल्या. चहा तसाच राहिला.

घरी आल्यावर त्यांनी मला पाईप बदलावेत म्हणून सरकारी अर्ज लिहायला लावला. मागं स्वतः चित्र काढलं: ओढा, पाईप, रस्ता, घरं आणि सगळ्यांमधून जाणारी एक आडवी रेघ. मी शहरात एका लॅबमध्ये काउंटरवर काम करते आणि अर्ज द्यायचं कार्यालय तिथून चालत पाच मिनिटांवर. "दुपारच्या सुट्टीत दिऊन ये," आत्ती म्हणाल्या.

मी दिला नाही. पहिल्या दिवशी गर्दी होती. दुसऱ्या दिवशी टेबलापर्यंत गेले आणि ते चौकटीच्या कागदावरचं, पेन्सिलचं, बोटांचे डाग पडलेलं चित्र बघून मला लाज वाटली. साहेब हसतील असं वाटलं. प्लॅन म्हणजे कसा कॉम्प्युटरवर काढलेला असतो. मग अर्ज पर्समध्येच राहिला, डब्याखाली. अकरा दिवसांनी त्याच्यावर आमटी सांडली, तेव्हा मी तो दुसऱ्या कागदावर उतरवून काढला आणि देऊन आले. पोचेवर शिक्का मिळाला. कारकून म्हणाला, "पावसाळा हाय, आता कोण बघतंय? दिवाळीनंतर या."

आत्तींनी पोच हातात घेतली, वाचली, घडी करून वहीत ठेवली.

त्यानंतर त्यांनी पेरायचं बंद केलं. फुलावर आलेला घेवडा उपटला. कोवळे दोडके, सुपारीएवढी वांगी, सगळं तोडून वाटून टाकलं. वस्तीत कुजबुज सुरू झाली की पिराजी गेल्यापासून शालनआक्काचं काही खरं नाही. मग एक दिवस त्या नळी, गेरूचा डबा आणि मला घेऊन निघाल्या आणि प्रत्येक घराच्या भिंतीवर रस्त्याच्या उंचीची रेघ ओढत गेल्या. विहाराच्या जोत्याच्या बरीच खाली. आमच्या तिसऱ्या पायरीवर. आमच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या बाळासोच्या उंबऱ्याच्या वर हातभर. धोंडुबाईंच्या घरात ती रेघ धोंडुबाईंच्या छातीपाशी आली. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि रेघेकडं बघत होत्या.

"शालन, ह्ये पुसून टाक," त्या म्हणाल्या. "घरात असलं काढू ने."

बाळासोनं त्याची रेघ त्याच दिवशी ओल्या फडक्यानं पुसली. "आमच्या दारात अशुभ कशाला?" म्हणून आत्तींच्या तोंडावर ओरडला. आत्तींनी ती दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर पुन्हा ओढली.

जुलै लागला. मोरीतून गुळगुळ आवाज यायला लागला, भरदुपारी, घरात कुणी पाणी सांडत नसताना. परसातली गांडुळं ओढ्याकडची माती सोडून घराच्या भिंतीकडं आली; सकाळी दार उघडलं की पायरीवर पसरलेली असायची. मी झाडूनं लोटायची आणि आत्ती मोजायच्या. गगनबावड्याकडं पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. वस्तीत सगळे मोबाईलवर नदीची पातळी बघत होते. अडतीस फूट. एकोणचाळीस, म्हणजे इशारा पातळी. धोका त्रेचाळीसला, म्हणून सगळे निवांत होते.

आत्तींनी त्या दिवशी धोंडुबाईंना भांडून विहारात नेलं. अक्षरशः भांडून. धोंडुबाई रडत होत्या, शिव्या देत होत्या, आणि आत्ती त्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन पुढं चालत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मोबाईलवर आकडा होता चाळीस फूट दोन इंच. प्रसेनजीत वीज कंपनीत वायरमन. तो पहाटेच ड्युटीवर गेला होता. मी लॅबला जायला निघाले होते. चप्पल घालताना मोरीकडं लक्ष गेलं. मोरीतून काळं पाणी फुगून वर येत होतं, शांतपणे, दूध उतू जावं तसं. आत्तींनी परसाचं दार उघडलं. ओढा दिसत नव्हता. दिसत होतं ते एकसारखं तपकिरी पाणी आणि त्यात आमच्या खुंट्यांची टोकं. चार. बघता बघता तीन.

"धोंडु कुठं हाय?" आत्ती म्हणाल्या.

आम्ही विहारात धावलो. अंथरूण होतं, काठी नव्हती. घरी कोंडून ठेवलेल्या कोंबड्या सोडायला धोंडुबाई तासाभरापूर्वी गेल्या होत्या, असं तिथं कळलं.

खालच्या गल्लीत पाणी कमरेला लागलं होतं. आत्ती शिरायला निघाल्या, मी त्यांना मिठी मारून धरलं. तेवढ्यात बाळासो आला. त्यानं कासरा कमरेला बांधला, टोक आमच्या हातात दिलं आणि उतरला. तो आत गेल्यावर बराच वेळ नुसता दोर हातात होता, ओला, कधी ताणणारा, कधी सैल. मग तो दिसला. धोंडुबाई त्याच्या पाठीवर होत्या, डोळे उघडे, तोंडातून शब्द नाही.

पाणी दुपारी तीनला रस्त्यावरून पलीकडं पडायला लागलं आणि वस्तीत चढायचं थांबलं. आमच्या तिसऱ्या पायरीवर. बाळासोच्या घरात उंबऱ्याच्या वर हातभर. मोबाईलवर तेव्हाही नदी धोक्याच्या खालीच होती.

पाणी ओसरायला तीन दिवस लागले. धोंडुबाई जगल्या, पण त्यांची वाचा गेली ती परत नीट आली नाही. पावसाळा सरल्यावर त्यांची मुलगी त्यांना नेसरीला घेऊन गेली. गाडीत बसताना त्यांनी आत्तींचा हात धरला आणि सोडेनात. मुलीनं एकेक बोट सोडवलं.

पाणी ओसरलं त्या दिवशी गाळ काढताना मी आत्तींना सांगितलं. अर्ज अकरा दिवस पर्समध्ये होता, लाज वाटली म्हणून दिला नाही. आत्ती फावडं मारत होत्या, थांबल्या नाहीत.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "शिक्क्यावर तारीख हाय की."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलू? त्यांनी अकरा दिवस आदी तरी कुठं बघितलं असतं?" पुढचं फावडं मारून म्हणाल्या, "पर तू द्यायला पायजे हुतास."

मी गाळाची पाटी उचलून बाहेर गेले. रडायला जागा हवी होती.

दिवाळीनंतर कार्यालयातून एक माणूस येऊन फोटो काढून गेला. पाईप तिथंच आहेत. धोंडुबाईंचं घर विजयसिंहाच्या मालकानं घेतलं, त्याच्या शेजारची दोन घरंही. बाळासोचं बोलणं चालू आहे. तो आता आमच्याकडं बघायचं टाळतो. या फेब्रुवारीत विहाराच्या वरच्या अंगाचा ऊस तुटला. तिथं अजून पाटी लागलेली नाही. पण परवा कुणीतरी तिथं चुन्यानं रेघा मारून गेलंय.

आत्तींनी गाळाच्या मातीत नवे वाफे आखले आहेत. वहीतलं नवं पान मी पाहिलं. दोडका नाही, वांगी नाहीत, घेवडा नाही. मुळा, मेथी, पोकळा, कोथिंबीर, बस्स. प्रत्येकाच्या पुढं पेरायची आणि काढायची तारीख. मी विचारलं, वांगी का नाहीत?

"चाळीस दिवसांच्या वर लागणारं कायबी न्हाय घ्यायचं," त्या म्हणाल्या, आणि मेथीचं बी मुठीत घेऊन वाफ्याकडं गेल्या.